एक रविवार, एक दालन: परदेशात शिकताना शनिवार-रविवारची भटकंती

सुरसागरकाठची

मी बडोद्याची, दांडिया बाजारात वाढले. गेलं दीड वर्ष जर्मनीत लाइपझिगला मास्टर्स करते आहे. मागच्या महिन्यात आईचा फोन आला. आमच्या ओळखीतल्या एका काकूंनी माझे फोटो पाहून तिला विचारलं होतं, "मुलगी शिकायला गेलीय की फिरायला?" आईने त्यांना काही उत्तर दिलं नाही, पण मला सांगताना तिचा आवाज उतरला होता. तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे. आईसाठी, आणि ज्यांची मुलं पुढच्या सत्रात निघणार आहेत त्यांच्यासाठीही.

सुरुवात कमाटीबागेतून करते, कारण माझ्या फिरण्याची सुरुवात तिथेच झाली. आजोबा रेल्वेतून निवृत्त झाले तेव्हा मी दुसरीत होते. दर रविवारी सकाळी ते मला बागेतल्या म्युझियममध्ये न्यायचे. त्यांचा एकच नियम होता: एका रविवारी एकच दालन. लवकर पाहून झालं तरी पुढच्या दालनात जायचं नाही. कंटाळा आला तर बाहेर बाकावर बसायचं, शेंगदाणे खायचे आणि परत त्याच दालनात यायचं. दुसऱ्या फेरीत मी नेहमी काहीतरी नवं शोधून काढायचे आणि ते आजोबांना दाखवायचे. त्यांनी ते आधीच पाहिलेलं असणार, पण तसं ते कधी म्हणाले नाहीत.

इथे आल्यावर पहिल्या दोन महिन्यांत मी हे सगळं विसरले. होस्टेलमधल्या चार जणांबरोबर रात्रीच्या बसने प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट असा सपाटा लावला. तीन दिवस, तीन राजधान्या. परत आल्यावर आईने विचारलं, "काय पाहिलंस?" आणि मला बसची सीट, मान अवघडलेली आणि एका पुलावरचा वारा एवढंच आठवलं. साडेतीनशे फोटो होते. त्या रात्री मला आजोबा फार आठवले.

मग ठरवलं. एका सुट्टीत एक गाव, आणि त्या गावात एकच गोष्ट, पण ती पोटभर.

त्यातली पहिली ड्रेस्डेन. लाइपझिगहून साध्या गाडीने दीडेक तास. तिथल्या राजवाड्यात ग्र्यूनेस गेव्होल्बे नावाचा जुना खजिना आहे. त्याच्या नव्या विभागात एक काचेची पेटी आहे, साधारण जेवणाच्या टेबलाएवढी. आत सोन्याचांदीचा, मिनाकामाचा एक अख्खा दरबार मांडलाय. शंभराहून जास्त आकृत्या, बोट-दोन बोटांची माणसं. कोणी पालखीतून येतंय, कोणी हत्ती आणतंय, कोणी नजराण्याची तबकं घेऊन पायऱ्या चढतंय. सगळ्यात वर, छत्राखाली, मांडी घालून बसलाय औरंगजेब! योहान मेल्खिओर डिंग्लिंगर नावाच्या सोनाराने आपल्या भावांना आणि कारागिरांना घेऊन १७०१ ते १७०८ या काळात हे घडवलं. नाव आहे 'दिल्ली दरबारातला मोगल बादशहाचा वाढदिवस'. डिंग्लिंगर हिंदुस्थानात कधीच आला नव्हता. प्रवाशांनी लिहिलेली वर्णनं वाचून त्याने हे सारं मनाने उभं केलं, त्यामुळे मधूनच चिनी नक्षी दिसते आणि इजिप्तमधल्या खुणाही.

मी त्या पेटीपुढे दीड तास होते. पहिल्या फेरीत नुसते हिरे दिसले. बाहेर येऊन डब्यातला ठेपला खाल्ला, परत गेले. दुसऱ्या फेरीत एक नोकर दिसला. इतका ओणवा झालेला की त्याचं कपाळ जमिनीला टेकलंय, आणि त्याच्या पाठीवरच्या कपड्याची चुणीसुद्धा मिनाकामात केलेली आहे. नखापेक्षा लहान पाठ. माणसाने ती करायला किती दिवस घेतले असतील?

आजोबा असते तर त्यांना फोन करून सांगितलं असतं.

तुमच्यापैकी जे बाहेर शिकताहेत किंवा शिकून आलेत, त्यांनी आपापल्या सुट्ट्यांबद्दल लिहा. कोणाला जर्मनीबद्दल काही विचारायचं असेल तर मी सांगेन.

ग्वाल्हेर_इतिहास

ताई, काय सुंदर लिहिलंत. एक भर घालतो. १७०१ ते १७०८ हा काळ वाचून मी खुर्चीतून उठलोच. औरंगजेब १६८१ नंतर दक्षिणेत उतरला तो पुन्हा दिल्लीला गेलाच नाही. ड्रेस्डेनचा सोनार दिल्लीचा दरबार घडवत होता तेव्हा बादशहा आमच्याकडे डोंगरदऱ्यांत छावणीत होता. १७०३ ला सिंहगड, १७०४ ला राजगड आणि तोरणा. एक किल्ला घ्यायचा आणि मागचा मराठ्यांनी परत घ्यायचा. राजाराम महाराज १७०० मध्ये गेल्यावर ताराबाई उभ्या राहिल्या होत्या. १७०७ ला अहमदनगरला तो वारला आणि खुलताबादला उघड्या साध्या कबरीत पुरला गेला. म्हणजे तुम्ही पाहिलेला दरबार पुरा व्हायच्या आधी ज्याचा वाढदिवस तोच गेला होता, आणि त्या दिल्लीत तर तो पंचवीस वर्षं नव्हताच.

सुरसागरकाठची

दादा, मला तिथे उभं असताना १७०७ आठवलं होतं, पण तो दिल्लीत नव्हताच हे लक्षात आलं नव्हतं. अंगावर काटा आला वाचून. पुन्हा जाईन तेव्हा त्या रिकाम्या दिल्लीच्या नजरेने पाहीन. इथल्या माझ्या मैत्रिणींना ताराबाईंबद्दल सांगायचंय, त्या पेटीसमोरच उभं करून.

मकरपुरा_बाबा

मी सरळ विचारतो, राग मानू नये. माझा मुलगा कॅनडात आहे. बँकेचं कर्ज आहे, हप्ता माझ्या पगारातून जातो. तो दर सुट्टीत कुठेतरी असतो. मी विचारलं की म्हणतो, "बाबा, सगळेच जातात." तुम्ही मुलं मन लावून पाहता हे कळलं, पण पैसा आणि अभ्यास यांचं काय? आम्ही इथे एकेक रुपया मोजतो.

सुरसागरकाठची

काका, राग कसला? हाच प्रश्न माझ्या बाबांच्या मनात आहे, ते फक्त विचारत नाहीत. तुम्ही विचारलात म्हणून हिशोब मांडते.

जर्मनीत येताना बँकेत ब्लॉक खातं काढावं लागतं, म्हणजे वर्षाच्या खर्चाचे पैसे आधीच भरायचे आणि दर महिन्याला ठरावीक रक्कमच काढायची. वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२. भाडं, विमा, किराणा हे सगळं त्यातून. मी आठवड्यातून दोन संध्याकाळी एका बेकरीत काम करते, विद्यार्थ्यांना वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करायची मुभा आहे. फिरण्याचा सगळा खर्च त्या बेकरीच्या पैशांतून, घरच्या पैशांतून एक युरोही नाही. हे पहिल्या दिवसापासून पाळलंय.

प्रवासाला वेगळे पैसे जवळजवळ लागतच नाहीत. माझ्या विद्यापीठाच्या सत्राच्या फीमध्येच सेमिस्टर तिकीट येतं, आणि ते देशभरच्या रिजनल गाड्यांना, ट्रामला, बसला चालतं. वेगवान आयसीई आणि आयसीला चालत नाही. त्या गाड्या सोडल्या की हळू जायचं, खिडकीतून बघत. खायला घरून ठेपले किंवा पोळी-चटणी. राहिलं तिकीट म्युझियमचं, तिथे विद्यार्थ्यांना सवलत असते. महिन्याला माझे चाळीस युरोपेक्षा जास्त कधी गेले नाहीत. प्राग-व्हिएन्नाच्या त्या तीन दिवसांत मात्र दोनशे दहा गेले होते, आणि त्याचं वाईट मला अजून वाटतं.

अभ्यासाबद्दल: परीक्षेच्या आधीचे पाच आठवडे मी कुठेही जात नाही. एरवी शनिवारी सकाळी लायब्ररी, मग बाहेर. तुमचा मुलगा "सगळेच जातात" म्हणतो, ते उत्तर मलाही पटत नाही. त्याला विचारा, काय पाहिलंस ते मला सांग. सांगता आलं तर पैसे वाया गेले नाहीत.

मकरपुरा_बाबा

हिशोब पटला. रविवारी फोन आला की हेच विचारतो.

राजवाडा_इंदूर

माझी भाची ऑक्टोबरात जातेय, जर्मनीलाच. तिला काय काय सांगू? आम्ही घरातले सगळे घाबरलोय, ती एकटीच निवांत आहे.

बर्लिनवासी_मूळचा_इंदूर

आपल्या राजवाड्याचं नाव बघून बरं वाटलं. भाचीला दोन गोष्टी नक्की सांगा. तिकीट फोनमध्ये असतं, म्हणून पॉवर बँक हवीच. माझ्या फोनची बॅटरी गेली आणि तपासनीस आला. विनातिकीट म्हणून साठ युरोचा दंड लिहून दिला. तिकीट माझ्या नावावर होतं, म्हणून आठवड्याच्या आत ऑफिसात जाऊन दाखवल्यावर सात युरोवर सुटलो, पण त्या दिवशी रडायचा बाकी होतो. दुसरं, रविवारी दुकानं बंद असतात. खरंच बंद. दूध, ब्रेड, कांदे शनिवारी आणून ठेवायचे. पहिल्या रविवारी मी दिवसभर बिस्किटांवर काढला होता. मोठ्या स्टेशनांवरची दुकानं तेवढी उघडी असतात.

सुरसागरकाठची

आणि पासपोर्ट. जर्मनीच्या विद्यार्थी परवान्यावर शेंगेनमधल्या, म्हणजे युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या गटातल्या, दुसऱ्या देशांत फिरता येतं, पण पासपोर्ट आणि परवान्याचं कार्ड दोन्ही जवळ हवंत. गोर्लिट्झला गेले होते, तिथे मधे नदी आहे आणि पूल ओलांडला की पोलंड. चालत पाच मिनिटं. आता सीमेवर पुन्हा तपासणी असते, म्हणून "पाच मिनिटांसाठी कशाला" असं म्हणून कार्ड खोलीवर ठेवू नये.

अजून एक, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. इथे काही गाड्या वाटेत दोन भागांत सुटतात. पुढचे डबे एकीकडे, मागचे दुसरीकडे. स्टेशनवर आणि गाडीत जर्मनमध्ये सांगतात, पण तेव्हा माझी जर्मन "मला दूध हवं" इतपतच होती. मी चुकीच्या भागात बसले आणि नाव न ऐकलेल्या एका खेड्यात जाऊन पोचले. संध्याकाळची वेळ, परतीची गाडी तीन तासांनी, पाऊस. स्टेशनात माणूस नाही. भीती वाटली, खोटं कशाला सांगू. चालत चर्चपर्यंत गेले तर आत गावातली दहा-बारा माणसं गाण्याची तालीम करत होती. एका आजीने खुणेने बसायला सांगितलं, थर्मासमधला चहा दिला. दोन तास तीच एक ओळ ते पुन्हा पुन्हा गात होते. शेवटी मलाही ती पाठ झाली होती. भाचीला सांगा, डब्याच्या दाराजवळच्या पाटीवर शेवटचं स्टेशन वाचायचं, मग बसायचं.

राजवाडा_इंदूर

सगळं वहीत लिहून घेतलं. त्या आजींना आमच्याकडूनही नमस्कार.

ग्वाल्हेर_इतिहास

गाण्यावरून विचारतो. लाइपझिग म्हणजे बाख या संगीतकाराचं गाव ना? काही ऐकलंत का? आमच्याकडे डिसेंबरात तानसेन समारोह असतो, हजीऱ्याला तानसेनच्या कबरीपाशीच. लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून, शाल पांघरून रात्रभर ऐकलंय. तिथल्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा सुरेल होतो म्हणतात, तोही खाल्लाय.

सुरसागरकाठची

दादा, तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते, नाहीतर हे मी स्वतःजवळच ठेवलं होतं.

बाख १७२३ ते १७५०, म्हणजे मरेपर्यंत, इथल्या थॉमस चर्चमध्ये संगीताचा प्रमुख होता. चर्चचं मुलांचं गायकवृंद १२१२ पासून आहे. शुक्रवारी संध्याकाळी सहाला आणि शनिवारी दुपारी तीनला तिथे गाणं असतं, त्याला मोटेट म्हणतात. दारात दोन-तीन युरोची कार्यक्रमपत्रिका घेतली की तेच तिकीट. मी पहिल्यांदा गेले तेव्हा पुढची जागा मिळावी म्हणून तास आधी जाऊन बसले. आणि गाणं सुरू झालं ते पाठीमागून, वरून! मुलं मागच्या सज्जात असतात. सगळी माणसं पुढे तोंड करून, कोणी वळून पाहत नाही. बघण्यासारखं काहीच समोर नाही, फक्त ऐकायचं.

आणि समोर काय आहे, तर बाखची कबर. जमिनीत बसवलेली ब्राँझची पाटी, त्यावर फक्त नाव. कोणी ना कोणी रोज फूल ठेवून जातं. म्हणजे तो पुढे निजलाय आणि त्याने शिकवलेल्या गादीवरची आजची मुलं त्याच्या दिशेने गाताहेत. तुमच्या समारोहात गवई कबरीपाशी हजेरी लावतात तसंच. मला संगीतातलं काही कळत नाही. पण आमच्या गल्लीत एका घरी गोकुळाष्टमीला भजन असायचं, तिथे आजी पुढे बसून डोळे मिटायची, तसेच डोळे तिथे मिटले. तेव्हापासून परीक्षा नसेल तर शनिवारची दुपार मी सोडत नाही. एकाच चर्चमध्ये मी आजवर एकतीस वेळा गेले आहे.

ग्वाल्हेर_इतिहास

एकतीस! वडिलांना वाचून दाखवलं. त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, "हजेरी हाच शब्द आहे."

पळ_रे_पळ

मला हे सगळं पटत नाही. मी इंग्लंडमध्ये एक वर्षाचं मास्टर्स केलं. एकच वर्ष! पुन्हा कधी जाणार? मी अकरा देश पाहिले, रात्रीच्या बसमध्ये झोपून, विमानतळाच्या फरशीवर झोपून. म्युझियमं आठवत नाहीत हे खरं. पण बरोबरची चार मुलं आठवतात, आज ती माझी सख्ख्या भावांसारखी आहेत. एका रात्री लिस्बनमध्ये आम्ही पाच जणांनी एक पिझ्झा वाटून खाल्ला होता, त्याची चव अजून आहे. बाविसाव्या वर्षी धावायचं नाही तर कधी? एका पेटीपुढे दीड तास पन्नाशीतही उभं राहता येईल.

सुरसागरकाठची

तुमचं म्हणणं मी दोनदा वाचलं. मैत्रीचं अगदी खरं आहे. माझ्या प्रागच्या बसमध्येही एक मुलगी शेजारी होती, तीच आज इथली माझी सगळ्यात जवळची मैत्रीण आहे. त्या प्रवासातून फोटो नाही, ती मिळाली, हे मला आत्ता लिहिताना सुचतंय. एक वर्षाचा कोर्स असता तर कदाचित मीही धावले असते. पण पन्नाशीचं मात्र मान्य नाही. आजोबांचे गुडघे गेले ते पासष्टीत. शेवटची दोन वर्षं ते दालनात उभे राहू शकत नव्हते. दारातल्या खुर्चीवर बसायचे आणि मी आत जाऊन काय दिसलं ते येऊन सांगायचे.

पळ_रे_पळ

हे वाचून गप्प झालो. बडोद्याला येणं झालं की कमाटीबागेत जाईन.

सयाजीगंज_ग्रंथालय

मी निवृत्त ग्रंथपाल, वय ७४. मोबाइलवर सावकाश टाइप करतो, सांभाळून घ्या. "शिकायला की फिरायला" या प्रश्नाला बडोद्यात तरी उत्तर आहे. सयाजीराव महाराज परदेशी गेले की तिथलं पाहून इथे काहीतरी उभं करायचे. अमेरिकेतली सार्वजनिक ग्रंथालयं त्यांनी पाहिली आणि १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बडोद्याला बोलावलं. त्यातून खेड्यापाड्यापर्यंत वाचनालयं आणि पुस्तकांच्या फिरत्या पेट्या गेल्या. मध्यवर्ती ग्रंथालयात लोखंडी मांडण्या आहेत आणि मजल्यांना जाड काचेची जमीन, खालचा उजेड वर यावा म्हणून. नोकरीच्या पहिल्या दिवशी त्या काचेवर पाय ठेवताना मी बूट काढले होते. १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकर कोलंबियाला गेले तेही बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड. मुली, तुझ्या आईला सांग, बडोद्याने मुलांना बाहेर पाठवलं ते डोळे उघडे ठेवून यावं म्हणूनच.

सुरसागरकाठची

काका, नमस्कार करते. तुमचा मजकूर आईला जसाच्या तसा पाठवला. तिने उत्तरात एवढंच लिहिलं, "काचेची जमीन मी पाहिलीच नाही गं, जाऊन येते."

फतेगंज_मीरा

पुढच्या मे महिन्यात आईबाबा माझ्याकडे येताहेत, मी येना शहरात असते. वायमार जवळच आहे. त्यांना बुखेनवाल्डला, नाझींच्या जुन्या छळछावणीवर, न्यावं का? बाबा म्हणतात, "सुट्टीत असलं कशाला बघायचं?" मी स्वतःही अजून गेले नाही, धीर झाला नाही.

सुरसागरकाठची

मीरा, मी गेले ते एकटी, जानेवारीत. सांगते, मग तू ठरव.

वायमार म्हणजे जर्मन कवी गटेचं गाव. शाकुंतलचं भाषांतर वाचून ज्याने १७९१ मध्ये चार ओळींत त्याची स्तुती लिहिली, तो गटे. १९१९ मध्ये बाउहाउस ही कलाशाळा तिथेच सुरू झाली. गावात फिरताना सगळं इतकं नीटनेटकं, सुसंस्कृत वाटतं. तिथून सहा नंबरची बस टेकडीवर जाते. दहा किलोमीटरसुद्धा नाही. वर १९३७ ते १९४५ छळछावणी होती. छप्पन हजारांच्या आसपास माणसं तिथे मेली.

फाटकाच्या लोखंडी गजांत अक्षरं आहेत, 'येडेम दास झाइने', ज्याचं त्याला. ती बाहेरून उलटी दिसतात. आतल्या कैद्याला वाचता यावीत अशी बसवलेली आहेत. ती अक्षरं ज्याने आखली तो फ्रान्झ एर्लिख बाउहाउसमध्ये शिकलेला होता आणि तिथेच कैदी होता. सकाळी गावात बाउहाउसच्या खुर्च्या पाहून मी वर गेले होते. त्या अक्षरांचं वळण मी ओळखलं.

आत मोठं उघडं मैदान आहे, रोज हजेरी घ्यायचे ते. त्या दिवशी घोटाभर बर्फ होता, वारा असा की डोळ्यांतून पाणी. मैदानात एक धातूची चौकोनी पाटी जमिनीत बसवलीय, त्यावर कुठकुठल्या लोकांना तिथे आणलं त्यांची नावं कोरली आहेत. सगळीकडे बर्फ आणि त्या पाटीवर मात्र एक कणही नाही. मला वाटलं कोणी झाडली असेल. जवळ जाऊन हातमोजा काढला, हात ठेवला. पाटी गरम होती. तिला आतून बारा महिने ३७ अंशांवर ठेवतात, जिवंत माणसाच्या अंगाइतकं. मी किती वेळ गुडघ्यावर बसले होते मला माहीत नाही. शेजारी एक म्हातारे गृहस्थ येऊन बसले, त्यांनीही हात ठेवला. आम्ही एकमेकांशी काही बोललो नाही.

त्या दिवशी मी एकही फोटो काढला नाही. खाली गावात येऊन बाबांना फोन केला आणि नुसतंच विचारलं, "जेवलात का?"

बाबांना आग्रह करू नकोस. तू एकदा एकटी जाऊन ये. मग त्यांना घरी बसून सांग, आणि त्यांनी "चल" म्हटलं तर ने. त्या दिवशी दुसरं काहीही ठरवू नकोस. प्रवेशाला पैसे नाहीत. कपडे मात्र जाड हवेत, मे महिन्यातही वर वारा असतो.

फतेगंज_मीरा

शनिवारी जाते. एकटी.

तंजावरी_मराठी

मी पिढ्यान्पिढ्या तंजावरचा, नोकरीमुळे बडोद्यात. आमच्या मराठीला इथले लोक हसत नाहीत म्हणून लिहायला धजतो. तुम्ही हाल्ले गावी गेलात काय? आमच्या सरफोजी राजांचे गुरू श्वार्ट्झ पाद्री तिथे शिकले होते.

सुरसागरकाठची

तुमची मराठी किती गोड आहे! हो, गेले. लाइपझिगहून लोकल गाडीने पाऊण तासाच्या आतच. मला तिथलं तारकांचं तबक पाहायचं होतं, नेब्राचं. ब्राँझची थाळी, साधारण दीड वीत व्यासाची, सुमारे ३६०० वर्षं जुनी. हिरवट काळ्या आकाशावर सोन्याचा चंद्र आणि तारे, त्यात सात ठिपक्यांचा झुबका, म्हणजे आपल्या कृत्तिका. १९९९ मध्ये चोरून खणणाऱ्यांना सापडली आणि २००२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला पोलिसांनी सापळा लावून सोडवली. खोलीत इतका अंधार की आधी फक्त सोनं दिसतं.

ते पाहून वेळ उरला म्हणून मी नियम मोडून फ्रांके नावाच्या पाद्र्यांनी काढलेल्या अनाथाश्रमात गेले, १६९८ चा आहे. माळ्यावर जुन्या काळचं अद्भुत वस्तूंचं दालन आहे. छताला मगर टांगलेली! विश्वामित्रीच्या काठची मुलगी मी, पाऊस आला की मगरी गल्लीत येतात तिथली. मान वर करून किती तरी वेळ पाहत राहिले. तमिळ ताडपत्रं तिथल्या संग्रहात आहेत, कारण याच संस्थेतून १७०६ मध्ये पहिले मिशनरी तमिळनाडूतल्या त्रांकेबारला (तरंगंबाडीला) आले. श्वार्ट्झ त्यांच्या नंतरचे, १७५० मध्ये हिंदुस्थानात उतरले. त्यांनी सरफोजींना मुलासारखं वाढवलं हे मी वाचलं होतं, पण ते इथल्या बाकावर शिकले हे तिथे कळलं. तंजावरच्या चर्चमध्ये राजांनी त्यांचं स्मारक बसवलंय ना? तुम्ही पाहिलंय का?

तंजावरी_मराठी

पाहिलंय तर! संगमरवरी आहे. श्वार्ट्झ पलंगावर शेवटचे पडलेत आणि राजे त्यांचा हात धरून उभे आहेत. आमच्या आजी तिथे नेऊन सांगायच्या, गुरूचा हात असा धरायचा. पुढच्या खेपेस फोटो आणून इथे लावतो.

सुरसागरकाठची

नक्की लावा. मी हाल्लेला पुन्हा जाईन तेव्हा छापून बरोबर नेईन.

कारेलीबाग_आई

धागा वाचून काल दोन्ही मुलींना घेऊन कमाटीबागेत गेले. मोठी आठ वर्षांची, धाकटी पाच. आधी झुकझुक गाडीसाठी हट्ट, मग म्युझियम. मी तुमचा नियम सांगितला, एकच दालन. धाकटीने विचारलं, "कुठलं?" आणि मला सांगता येईना. तुमचे आजोबा कुठून सुरू करायचे?

सुरसागरकाठची

देवमाशापासून! माही नदीच्या मुखाशी सापडलेला तो सांगाडा. आजोबा मला शेपटीपाशी उभं करायचे आणि डोक्यापर्यंत पावलं मोजायला लावायचे. मोठ्याने, एकही न चुकता. दुसरीत असताना माझी त्रेचाळीस भरली होती. धाकटीची किती भरतात ते मला कळवा.